उघडा कोन फिल्टर आणि इंटरकूलरचा भरवसा

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) असलेल्या गाडीत हवेच्या फिल्टरचा मूळ डबा आणि कागदी फिल्टरच ठेवा, हा माझा सल्ला जुनाट आहे. तुम्ही डबा काढून बोनेटखाली तेलाचा कॉटन कोन फिल्टर लावलात आणि गाडी 2000 आरपीएमपासूनच जास्त ओढायला लागली. बोनेटखालची हवा गरम असली तरी पुढे ती थंड करणारा इंटरकूलर आहे, त्यामुळे फिल्टर कुठे बसतो याला महत्त्व नाही.

कॉटन फिल्टरमधून हवा कमी अडथळ्याने जाते, हे मान्य. बाकी दोन मुद्दे मात्र मान्य नाहीत.

आधी इंटरकूलर. बाहेर 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 1 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) धरू, म्हणजे हवेचा दाब दुप्पट करायचा आहे. कॉम्प्रेसरची (टर्बोतला हवा दाबणारा भाग) कार्यक्षमता 72 टक्के धरली तर हवा त्यातून साधारण 122 अंशांनी बाहेर पडते. तीच हवा बोनेटखालून 50 अंशांनी आत गेली, तर बाहेर पडताना 148 अंश. आत जाताना 20 अंशांचा असलेला फरक बाहेर येताना 26 झाला, कारण कॉम्प्रेसर ठरावीक अंश मिळवत नाही, तो केल्व्हिनमधल्या तापमानाला गुणतो. 70 टक्के परिणामकारक (बाहेरच्या तापमानावरचे 70 टक्के अंश उतरवणाऱ्या) इंटरकूलरनंतर पहिली हवा 58 अंशांच्या आसपास येते, दुसरी 65-66. म्हणजे इंटरकूलर फरक कमी करतो, मिटवत नाही. पेट्रोल इंजिनात एवढ्या फरकाने नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) जवळ येतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. शिवाय 50 अंशांच्या हवेची घनता 30 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्के कमी. तेवढ्याच वजनाची हवा द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. हे गणितही इंटरकूलरवर वारा येतोय असं धरून केलंय. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत इंटरकूलरच तापलेला असतो.

आता 2000 आरपीएमची ओढ. पाइपमधला दाबाचा तोटा हवेच्या प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतो. पूर्ण ताकदीला 4 किलोपास्कल तोटा असेल, तर पाव प्रवाहाला तो 0.25 किलोपास्कलच्या आसपास उरतो. कागदात तो थोडा वेगळा वागतो, पण 2000 आरपीएमला फिल्टर अडवतोय असं म्हणण्याजोगं तिथे काही नसतं. बहुतेक आधुनिक गाड्यांत ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वळसा देऊन एग्झॉस्ट सोडणारी झडप) हलवून ठरलेला बूस्ट गाठतोच. बदलतो तो आवाज. मूळ डबा सायलेन्सरचंही काम करतो. तो गेला की कॉम्प्रेसरची शिट्टी मोकळी ऐकू येते आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो.

फिल्टरचा अडथळा टर्बोला महाग पडतो, हे तुम्ही बरोबर लिहिलंय, पण तो खेळ वरच्या आरपीएमचा. 5 किलोपास्कल तोटा असेल तर कॉम्प्रेसरला 100 ऐवजी 95 किलोपास्कलवरून 200 गाठायचे असतात. दाबाचं गुणोत्तर 2 वरून 2.1 होतं आणि कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा साधारण 8 अंशांनी जास्त तापते. फिल्टर फारच तुंबला तर टर्बोच्या तोंडाशी हवेची ओढ इतकी वाढते की कॉम्प्रेसरकडच्या सीलमधून तेल खेचलं जाऊ शकतं.

म्हणून अंदाज सोडा आणि मोजा. टर्बोच्या तोंडाशी होजमध्ये एक छोटं निपल बसवा आणि 0 ते 10 किलोपास्कलचा व्हॅक्यूम गेज जोडा. सुरक्षित, मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमपर्यंत जा, गेज शेजारच्याने वाचावा. मग तेच निपल डब्यात फिल्टरच्या लगेच मागे आणि त्यानंतर लगेच पुढे बसवून पुन्हा मोजा. तीन आकड्यांच्या वजाबाकीतून तोटा नेमका कुठे होतोय ते कळतं. पुष्कळदा तो कागदात नसतोच, तो असतो डब्याच्या चिंचोळ्या नाकात किंवा टर्बोआधीच्या वळणदार होजमध्ये. तिथे फिल्टर बदलून काहीच हाती लागत नाही. मोठ्या डिझेल इंजिनांवर फिल्टर बदलायची मर्यादा सहसा 6 किलोपास्कलच्या आसपास असते. गाडीत तुमचा आकडा त्याच्या खूप खाली असेल तर मूळ व्यवस्थेला हात लावू नका.

मला सगळ्यात जास्त काळजी धुळीची वाटते. कॉम्प्रेसर चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतं. सिलिकाचे कण पात्यांच्या पुढच्या कडा खातात आणि पुढे रिंग व सिलिंडरची भिंत घासतात. फिल्टर कितीही चांगला असो, त्याची रबरी कड नीट बसली नाही तर सगळं वाया. होज काढून आत पांढरं फडकं फिरवा. डब्याच्या कोपऱ्यापासून पंख्यासारखी पसरलेली मातकट रेघ दिसली, तर हवा तिथून कडेने शिरतेय. कागदी फिल्टर हवेच्या पाइपने झोडून साफ करू नका, चुण्यांना बारीक भोकं पडतात. आणि तो उगाच लवकरही बदलू नका. थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक कण चांगले धरतो.

तुमच्या कोन फिल्टरला तेल जास्त झालं तर ते आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या तापलेल्या फिल्मवर बसतं, मग वाचन चुकतं आणि इंधनाचं प्रमाण बिघडतं. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती दाखवणारं उपकरण) लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात सतत केलेली दुरुस्ती) फिल्टर बदलण्याआधीच्या आकड्यापासून सरकत चालला असेल, तर आधी सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवा, वाळू द्या आणि मग बसवा. सेन्सरच्या नळीचा व्यास बदलू नका, ईसीयूचं गणित त्यावर बेतलेलं असतं. फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये येणारी ब्रीदर होज (इंजिनातली वाफ हवेच्या पाइपात आणणारी नळी) होती तिथेच जोडलेली हवी. तिचं तोंड उघडं राहिलं तर धूळ थेट टर्बोत जाते, शिवाय सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते.

थंड हवेसाठी बंपरमागे अगदी खाली फिल्टर नेण्याचा विचार तुम्ही शेवटी लिहिलाय. तो करू नका. पाणी साचलेल्या रस्त्यावर फिल्टर बुडाला तर टर्बो पाणी अडवत नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा हेडलाइटच्या मागून, रेडिएटरच्या वरच्या पट्टीच्या उंचीवरून घ्या.

कोन ठेवायचाच असेल तर त्याला बंद डबा करा. वरची कड बोनेटला रबरी पट्टीने टेकवा, बाहेरच्या हवेची नळी डब्यात सोडा, तळाला पाणी निघायला भोक ठेवा आणि फिल्टरच्या भोवती निदान 25 मिलिमीटर जागा सोडा. टर्बो इंजिनबरोबर हलतो, डबा बॉडीला असतो, म्हणून मधला तुकडा लवचिक हवा, पण हवेच्या ओढीने चपटा न होणारा. मऊ होज नेमकी पूर्ण थ्रॉटलला आत बसते आणि गाडी उभी असताना ठणठणीत दिसते. हे झाल्यावर गाडी चालती ठेवून सेन्सरजवळचं हवेचं तापमान स्कॅनरवर बघा. 60 च्या वेगाने चालताना ते बाहेरच्यापेक्षा 5-7 अंशांहून जास्त राहत असेल, तर डबा अजून कुठेतरी उघडा आहे.