‘इंग्रजांनी बायकांना सोडवलं’? रखमाबाईंची केस वाचा

सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘इंग्रज आले म्हणून भारतीय स्त्री माणसांत आली. कायदे त्यांनी दिले, शाळा त्यांनी दिल्या, आणि आजही परदेशी पैशाच्या छोट्या कर्जांमुळेच गरीब बायका पायावर उभ्या राहताहेत.’ भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घातला, म्हणून हे लिहितेय.

कायदे आधी. 1829 ची सतीबंदी, 1856 चा विधवाविवाह कायदा. बरं, मान्य. राममोहन रॉय आणि विद्यासागरांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, ते मेसेजवाल्याने सोयीस्कर गाळलंय.

आता मुंबईच्या रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठेपणी नांदायला जायला नकार. नवरा कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. नांदायला भाग पाडणारा असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडातून आलाय, असं त्यांनीच लिहिलं. अपील झालं आणि 1887 मध्ये हुकूम निघाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाली, तुरुंगात जाते. आता गंमत बघा. नांदायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकायची शिक्षा खुद्द इंग्लंडने 1884 मध्येच रद्द केली होती! तिकडच्या बायकांना माफ, मुंबईच्या पोरीला कोठडी. हो, टिळकही तिच्या विरोधात होते, आणि डॉ. एडिथ पेची या इंग्रज बाईने तिला मदत केली. तेही सांगायला हवं. पण इंग्लंडातून आलेला तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही बसलाय.

शाळा? सावित्रीबाई 1848 मध्ये शिकवू लागल्या. सरकारने फुल्यांचा सत्कार केला तो 1852 मध्ये. शाल पांघरणारा शाळा काढणारा होत नाही. आणि इथे व्हाइसरॉय म्हणून मिरवलेले लॉर्ड कर्झन मायदेशी बायकांच्या मताधिकाराविरुद्धच्या संघटनेचे अध्यक्ष होते. एवढं पुरे.

राहिली कर्जं. सोलापूरच्या पूर्वभागात, विडी कामगारांच्या वस्तीत येऊन बघा. मांडीवर सूप, हातात कात्री, पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बाई दिवसभर विड्या वळते. मोजून घेताना वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. तिच्या नावावर ग्रुप लोन, पैसे जातात नवऱ्याच्या रिक्षाला. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणून वसुलीवाल्याआधी शेजारणीच दारात येतात. अडीनडीला ते पैसे उपयोगी पडतात, खोटं कशाला बोलू? पण 2010 मध्ये वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हाच्या अखंड आंध्र सरकारला या वसुलीवर वटहुकूम काढावा लागला. पूर्वभागातल्या कितीतरी घरांचे पाहुणे तिकडचेच आहेत, त्यांना विचारा.

कारखान्याने पानं कमी दिली की मजुरी कमी, हप्ता मात्र तेवढाच. लाल बावटा घेऊन या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढतात ते विडीची मजुरी वाढवून मागायला. त्या मागणीबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.