तिजोरीला हात न लावता

राजकारणात उतरायचं ठरवलंय, आणि प्रभागात चाळी-झोपड्या भरपूर आहेत? मग घरांवर बोलावं लागणारच. घाबरू नका. मुंबईत या विषयावर बोलायला घर लागत नाही, माईक लागतो.

'मोफत' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि पैशाचा विषय निघायच्या आत घोषणा द्यायला लावायच्या. १९९५ साली झोपडीतल्या ४० लाख लोकांना मोफत घरं जाहीर झाली. तिजोरीतून दमडी जाणार नव्हती. बिल्डरने गरिबांची इमारत बांधायची, बदल्यात जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, घ्यायची आणि शेजारी टॉवर उभा करून विकायचा. ही युक्ती इतकी गोड, की नंतर आलेल्या एकाही सरकारला ती टाकवली नाही. म्हणजे गरिबाचं घर कधी होणार, हे शेजारचे तीन बेडरूमवाले फ्लॅट खपतात का यावर. बाजार बसला तर झोपडी तुटलेली, माणूस भाड्याच्या खोलीत, आणि बिल्डरकडून येणारा भाड्याचा चेक थांबलेला. अशा वेळी 'विकासक बदलू' म्हणायचं. सरकारने स्वतः पैसे घालावेत असं चुकूनही सुचवू नका. बाकी सगळ्यावर भांडणारे पक्ष तेवढ्यापुरते एक होतील.

विरोधात असाल तर 'हे बिल्डरधार्जिणं सरकार आहे'. सत्तेत असाल तर 'प्रकल्प व्यवहार्य व्हायला हवा'. दोन्ही वाक्यं पाठ ठेवा, आपल्याकडे बाजू रात्रीतून बदलते.

नारळ मात्र घरात नेहमी असू द्या. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ २०१७ साली एका सरकारने फोडला, २०२१ साली दुसऱ्याने. त्यातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतली माणसं ५०० चौरस फुटांत गेली, खरंच गेली. म्हणून भाषणात हे उदाहरण जपून वापरा, लोकांना सवय लागते.

तिजोरी अगदीच कोरडी आहे असं मात्र समजू नका. मार्च २०२२मध्ये गोरेगावात ३०० घरांची घोषणा झाली, ती आमदारांसाठी. लोक चिडले, तेव्हा फुकट नाहीत, किंमत घेणार, असा खुलासा आला. त्या दिवसांत निधीचं काय, असा प्रश्न सहसा कुणाला पडला नव्हता. (तो फक्त गरिबाच्या घराला पडतो.)

आता गिरणी कामगार. इथे जरा अभ्यास लागेल. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांसाठी होता. २००१मध्ये नियम बदलला: वाटणी होईल ती फक्त मोकळ्या जमिनीची. गिरणीत मोकळी जमीन ती कितीशी! सगळीकडे शेड. तेव्हा जे उरलं त्यात थोड्या कामगारांना सोडतीत घर लागलं आणि बाकीच्यांना आता शेलू-वांगणी दाखवतात. बदलापूरच्याही पुढे. घराची किंमत १५ लाख, त्यातले साडेपाच सरकारचे आणि साडेनऊ कामगाराचे. ज्याची गिरणी चाळीस वर्षांपूर्वीच्या संपापासून धड चाललीच नाही, त्याच्याकडे साडेनऊ लाख कुठून येणार, असं कुणी विचारलं तर 'बँकेशी बोलणं चालू आहे' म्हणा. सत्तरी ओलांडलेल्याला कुठली बँक कर्ज देते, हे तुम्हाला विचारणारा तोपर्यंत कर्जतची गाडी पकडायला निघालेला असेल.

तुमच्या कार्यालयात असा एकजण येईलच. हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. आत गिरणीचा लॅमिनेट केलेला पास, त्यावरचा फोटो पिवळा पडून नुसती मिशी उरलेली. ईएसआयचं कार्ड, हजेरीचा दाखला, जुनं रेशनकार्ड, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. त्यांना 'काका' म्हणा. खुर्ची द्या, चहा सांगा. पिशवी स्वतःच्या हातात घ्या आणि फोटो निघेपर्यंत धरून ठेवा. मग परत करा.

काका तुमच्यासमोरच सगळे कागद मोजून घेतील. रागावू नका.