‘कल्याणला उतरा, तिथेच स्वस्त खोली घ्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

सोयाबीन निघाले आणि पहिल्या वेचणीचा कापूस विकला गेला की आमच्या विदर्भातल्या गावांतून दिवाळीच्या सुट्टीत मुंबई पाहायला जाण्याचे बेत ठरू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर एक संदेश या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे: मुंबईत हॉटेल घेऊन पैसे उधळू नका, आपली गाडी कल्याणला थांबतेच, तिथे उतरून अर्ध्या भावात खोली घ्या, लोकलने तासाभरात मुंबईत कुठेही जाता येते, खोली रात्री पाठ टेकण्यापुरतीच लागते, आणि आगाऊ बुकिंग न करता स्टेशनबाहेर घासाघीस केली तर ती आणखी स्वस्तात मिळते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असावा, कारण आमच्या माणसाला चार पैसे वाचवणे खरोखरच गरजेचे असते. पण हा सल्ला मी स्वतः मानला होता, आई, भाऊ, वहिनी आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन तीन दिवस तसाच राहिलो होतो, आणि म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत आधी तो ‘तासभर’. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी, हे अंतर सुमारे 54 किलोमीटर आहे. जलद लोकलला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि धीमी लोकल दीड तासाच्या आसपास घेते. मात्र हा वेळ केवळ डब्यात बसल्यापासून उतरेपर्यंतचा आहे. खोलीतून निघून स्टेशन गाठणे, तिकिटाची रांग, जिना चढून योग्य फलाटावर जाणे, गर्दीमुळे एखादी गाडी सोडून देणे, आणि उतरल्यावर पुन्हा टॅक्सी किंवा बस शोधणे हे सगळे मोजले तर एका बाजूचे दोन तास सहज होतात. त्यातही तुमचे जायचे ठिकाण पश्चिम रेल्वेवर असेल, तर दादरला उतरून पूल ओलांडून गाडी बदलावी लागते. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असला की दुपारच्या गाड्या कमी होतात, आणि गावाकडचा माणूस नेमका रविवार धरूनच फिरायला निघालेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट गर्दीच्या दिशेची आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. मुंबईत सकाळी नोकरदारांचा लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि संध्याकाळी तोच लोंढा उलटा परततो. कल्याणला राहणारा पर्यटक दोन्ही वेळा त्याच लोंढ्याबरोबर प्रवास करतो. याउलट सीएसएमटीजवळच्या फोर्ट भागात मुक्काम केलेला माणूस सकाळी चर्चगेटहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे निघाला, तर गर्दीच्या उलट दिशेने जाणाऱ्या गाडीत त्याला बहुधा बसायला जागा मिळते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही सीएसएमटीच्या फलाटावर उभे होतो. गाडी थांबायच्या आतच माणसे चढत होती. आईचे गुडघे दुखत होते, वहिनीच्या खांद्यावर मुलगा झोपला होता, आणि त्याच्या एका पायातली चप्पल कुठे पडली ते कुणालाही कळले नव्हते. तीन गाड्या आम्ही सोडल्या. चौथीत वहिनी आणि आई महिलांच्या डब्यात शिरल्या, भाऊ आणि मी दुसऱ्या डब्यात, आणि कल्याण येईपर्यंत त्या दोघी आत नीट आहेत की नाहीत हे आम्हांला कळायला मार्ग नव्हता, कारण वहिनीची पर्स भावाच्या पिशवीत होती आणि तिचा मोबाइल पर्समध्ये. उतरल्यावर आई फलाटावरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “बाबू, उद्या मी खोलीतच थांबते.” दुसऱ्या दिवशी ती खरोखर थांबली. जिच्यासाठी आम्ही एवढा प्रवास केला होता, तिने समुद्र तिसऱ्या दिवशी, तोही अर्धा तासच पाहिला.

आता पैशांचा हिशेब करू, कारण संदेशाचा सगळा भर त्यावरच आहे. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट स्वस्त असते हे खरेच आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च मी मोठा दाखवणार नाही. दोन्हीकडच्या खोल्यांच्या भाड्यात रोज हजार रुपयांचा फरक आहे असे धरून चालू. तीन रात्रींत तीन हजार रुपये वाचतील. पण रोजचे चार तास प्रवासात जात असतील, तर तीन दिवसांत बारा तास, म्हणजे फिरण्याचा एक संपूर्ण दिवस खर्ची पडतो. तेवढीच ठिकाणे पाहायची तर चौथा दिवस वाढवावा लागेल, आणि त्या दिवसाचे खोलीभाडे, पाच माणसांचे दोन वेळचे जेवण आणि चहापाणी धरले की वाचलेल्या तीन हजारांतले फारसे काही उरत नाही. शिवाय मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते. शेवटची गाडी चुकली तर कल्याणपर्यंत टॅक्सी करावी लागेल, आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे काळी-पिवळी चारच माणसे घेते.

खोली केवळ पाठ टेकण्यापुरती लागते, हे विधान एकट्या तरुणाच्या बाबतीत बरोबर असेल. कुटुंबाच्या बाबतीत ते चुकीचे आहे. आमच्याकडची म्हातारी माणसे पहाटे पाचला उठतात आणि दुपारी तासभर आडवी होतात. लहान मुलाचे कपडे भिजतात. सर्वांत मोठा प्रश्न बायकांचा आहे: मुंबईत स्वच्छ सार्वजनिक स्वच्छतागृह हाताशी नसते म्हणून आई आणि वहिनी दिवसभर पाणी पिणे टाळत होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. खोली वीस मिनिटांवर असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

आणि ती वीस मिनिटांवर असू शकते, कारण पहिल्यांदा मुंबईला जाणाऱ्या माणसाला जे पाहायचे असते त्यातले बरेचसे एकाच भागात आहे. सीएसएमटीची इमारत स्वतःच 2004 पासून जागतिक वारसा आहे आणि रात्रीच्या रोषणाईत ती पाहण्यासारखी असते. तिच्या समोरच महापालिकेची इमारत आहे. तिथून हुतात्मा चौक, ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि 1924 साली पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया हे सगळे दोन-अडीच किलोमीटरच्या आत येते, आणि मरीन ड्राइव्हही फार लांब नाही. घारापुरीची लेणी पाहायची तर लाँच गेटवेवरूनच सुटते आणि साधारण तासभर घेते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या असतात, म्हणून ऊन वाढण्याआधी निघणे बरे. सोमवारी लेणी बंद असतात, हे खोलीचे दिवस ठरवतानाच पाहून घ्यावे. राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, भायखळ्याला, सीएसएमटीपासून लोकलने अवघ्या काही मिनिटांवर आहे. ती बुधवारी बंद असते. 2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आहे, त्यामुळे सीएसएमटी, सिद्धिविनायक आणि दादर ही ठिकाणे जोडली गेली आहेत आणि सरकत्या जिन्यांमुळे पायऱ्याही कमी चढाव्या लागतात.

‘गाडी कल्याणला थांबते’ या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. वर्धा, बडनेरा किंवा अकोल्याहून रात्री निघालेली विदर्भ एक्सप्रेस पुढे दादर आणि सीएसएमटीलाही जाते. राखीव जागेवर, सामानासह, बसूनच पुढचे अंतर कापता येत असताना मध्येच उतरून तेच अंतर उभ्याने पार करण्यात कसलीही सोय नाही.

आगाऊ बुकिंग न करण्याचा सल्ला मात्र मला धोक्याचा वाटतो. रात्रभरच्या प्रवासाने थकलेली माणसे, हातात बॅगा आणि भोवती दलाल अशा अवस्थेत कुणीही घासाघीस करू शकत नाही. समोर येईल ती खोली तो घेतो. आम्ही घेतली ती तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. त्याऐवजी घरूनच फोन करून काही गोष्टी विचाराव्यात: खोली चोवीस तासांच्या हिशेबाने मिळते की दुपारी बारालाच सोडावी लागते, पाच माणसांना एक खोली देतात की दोन घ्याव्या लागतात, लिफ्ट आहे का, संडास-बाथरूम खोलीतच आहे का, आणि जवळचे स्टेशन नेमके कोणते. शेवटच्या प्रश्नावर अडून राहावे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे सगळेच सांगतात, पण मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी ही दोन वेगळ्या मार्गांवरची स्टेशने आहेत, लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ल्याकडे आहे, आणि दादरला पूर्व की पश्चिम याने मोठा फरक पडतो. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, तेव्हा ‘रिक्षाने दहा रुपयांत याल’ असे सांगणारा माणूस शहराबाहेरची खोली देत आहे, एवढे त्यावरून ओळखता येते.

कल्याण-ठाण्याला नातेवाईक असतील, किंवा मुक्काम बोरिवलीच्या उद्यानासाठी आणि कान्हेरी लेण्यांसाठीच असेल, तर उपनगरात राहणे योग्यच. चैत्यभूमी आणि सिद्धिविनायक हे मुख्य ठिकाण असेल तर दादर सर्वांत सोयीचे, मात्र 6 डिसेंबरच्या आसपास तिथे खोलीची आशा धरू नये. बाकी घरच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना मुंबई दाखवायची असेल तर सीएसएमटी-फोर्टच्या जुन्या गल्ल्यांमधली साधी, लिफ्टची खोली पाहावी. गेल्या खेपेला आम्ही तशीच घेतली होती. भाडे जास्त पडले, खोली लहान होती, आणि आई दुपारी दोन तास झोपून संध्याकाळी पाच वाजता आमच्याआधी चपला घालून दारात उभी होती.