रेक्स हंट पळाले नव्हते

'विराट'चा विषय निघाला की फॉकलंडचाही निघतोच. दक्षिण अटलांटिकमधल्या या ब्रिटिश बेटांवर अर्जेंटिना हक्क सांगते आणि त्यावरून 1982 मध्ये दोघांत युद्ध झालं. त्या युद्धात ब्रिटिश ताफ्याचं नेतृत्व करणारी 'हर्मिस' ही विमानवाहू नौका 1987 मध्ये 'आयएनएस विराट' म्हणून आपल्या नौदलात आली आणि 2017 मध्ये मुंबईत निवृत्त झाली. त्या ओघात एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: फॉकलंडचे गव्हर्नर रेक्स हंट म्हणजे वशिल्याने हवा खायला पाठवलेले उमराव. अर्जेंटिनाचं सैन्य उतरताच त्यांनी एकही गोळी न झाडता बेटं देऊन टाकली, पिसांची टोपी घालून टॅक्सीतून पळ काढला आणि पुढे लंडनने त्यांना अडगळीत टाकलं. सोबत रस्त्यावर पालथे पाडलेले ब्रिटिश सैनिक दाखवणारा फोटो असतो.

फोटो खरा आहे. टोपी खरी, टॅक्सीही खरी. बाकीच्याचं बघू.

आधी गोळीचं. 1 एप्रिल 1982 च्या दुपारी लंडनहून तार आली की अर्जेंटिनाचा ताफा उद्या पहाटे राजधानी स्टॅनलीसमोर येऊ शकतो, त्याप्रमाणे बंदोबस्त करा. म्हणजे हाताशी एक रात्र. माणसं किती? रॉयल मरीन (ब्रिटिश नौदलाचे जमिनीवर लढणारे सैनिक) आणि थोडे नौसैनिक मिळून सत्तरच्या आसपास, शिवाय वीस-पंचवीस स्थानिक स्वयंसेवक. तेही मरीनची जुनी तुकडी परतायची आणि नवी यायची वेळ एकच आली म्हणून, एरवी याच्या निम्मेच असते. रात्री हंट यांनी रेडिओवरून लोकांना सरळ सांगून टाकलं की आक्रमण होणार असं दिसतंय, घराबाहेर पडू नका. आकाशवाणीसारखंच ते केंद्र, पण इतकं लहान की निवेदक पॅट्रिक वॉट्स रात्रभर माइकपाशी बसले आणि लोक त्यांना फोन करून खिडकीतून काय दिसतंय ते सांगत राहिले.

पहाटे सहाच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. गव्हर्नरच्या बंगल्याला अर्जेंटिनाच्या कमांडोंनी वेढा घातला होता. आत शिरू पाहणारे त्यांचे अधिकारी पेद्रो जियाकिनो मरीनच्या गोळ्यांनी जबर जखमी झाले आणि त्यातच गेले. त्यांचे तीन साथीदार नोकरांच्या खोल्यांच्या माळ्यावर लपून बसले, पुढे तेच पकडले गेले. हंट स्वतः पिस्तूल घेऊन टेबलाच्या आडोशाला होते आणि तिथूनच फोनवर रेडिओला सांगत होते की आम्ही इथेच आहोत. हे सगळं जवळजवळ तीन तास चाललं. अर्जेंटिना जियाकिनोंना आजही या मोहिमेतला पहिला हुतात्मा मानते. गोळीच झाडली नसेल तर ते गेले कशाने?

एक गोष्ट मात्र पोस्टवाल्यांच्या बाजूने मांडायला हवी. त्या सकाळी एकही ब्रिटिश मेला नाही, आणि त्याचं श्रेय एकट्या मरीनच्या शौर्याला देता येत नाही. शक्यतो ब्रिटिश रक्त सांडू नका, असे अर्जेंटिनाच्या तुकड्यांना वरूनच आदेश होते.

मग शरणागती का? कारण साडेनऊच्या आसपास किनाऱ्यावर उतरलेली चिलखती वाहनं बंगल्याच्या दिशेने निघाली होती. लाकडी बांधकामाचा बंगला, आत रायफली आणि मशिनगन. मरीनचे प्रमुख मेजर माइक नॉर्मन यांनी स्पष्ट सांगितलं की ती वाहनं जवळ आली की इथे टिकाव लागणार नाही. भोवती हजारेक लोकांचं गाव होतं. हंट यांनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी कुणावर ढकलला नाही.

आता टॅक्सी. लंडनच्या रस्त्यांवर धावते तशी ती गाडी गव्हर्नरची नेहमीची सरकारी गाडी होती. त्या दिवशी कुठून भाड्याने बोलावलेली नव्हती. नगरभवनात अर्जेंटिनाचे जनरल ओस्वाल्दो गार्सिया यांनी पुढे केलेला हात हंट यांनी घेतला नाही. हे सभ्यपणाचं नाही, असं जनरल म्हणाले, तर दुसऱ्याच्या देशात घुसणं हे असंस्कृतपणाचं आहे, असं उत्तर मिळालं. त्यानंतर त्यांना हद्दपार करण्यात आलं. जाताना त्यांनी शहामृगाच्या पिसांच्या टोपीसकट दरबारी गणवेश चढवला आणि त्याच गाडीतून विमानतळाकडे निघाले. पळणारा माणूस असा नटून निघत नाही. आता तो पोशाख हास्यास्पद दिसत होता, हे मी नाकारणार नाही.

वशिल्याचे उमराव? यॉर्कशायरमधल्या रेडकारचा हा मुलगा आधी हवाई दलात लढाऊ वैमानिक झाला, मग युगांडात जिल्हा पातळीवरचा प्रशासक. पुढे परराष्ट्र खात्यात कुचिंग, ब्रुनेई, अंकारा, जकार्ता. 1974-75 मध्ये, शहर पडायच्या बेतात असताना, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव. मग क्वालालंपूर, आणि 1980 मध्ये स्टॅनली. कोसळणाऱ्या राजधानीत काम केलेल्या माणसाला हवा खायला पाठवलं म्हणणं जरा जास्तच होतं.

उलट लंडनला ते अडचणीचेच वाटले असावेत. त्या वर्षांत ब्रिटनलाच ही बेटं जड झाली होती. मंत्री निकोलस रिडली नोव्हेंबर 1980 मध्ये तिथे जाऊन एक तोडगा मांडून आले: मालकी अर्जेंटिनाला द्यायची आणि बेटं भाडेपट्ट्याने आपल्याकडे ठेवायची. लोकांना तो पटला नाही. जून 1981 च्या लंडनमधल्या बैठकीत हंट यांनी तोंडावर सांगितलं की बेटवासीयांना अर्जेंटिनाशी काही संबंधच नकोय. त्याच वर्षी 'एन्ड्युरन्स' हे तिथलं गस्ती जहाज काढून घ्यायचं ठरलं, आणि नव्या नागरिकत्व कायद्याने अनेक बेटवासीयांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वही जाणार होतं. ते युद्धानंतर, 1983 मध्ये, वेगळा कायदा करून देण्यात आलं.

अडगळीचं तर उघडच खोटं आहे. 14 जूनला अर्जेंटिनाचं सैन्य शरण आलं आणि 25 जूनला हंट स्टॅनलीत परतले. त्याच वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला. काही काळ पदाचं नाव 'सिव्हिल कमिशनर' होतं, 1985 मध्ये पुन्हा 'गव्हर्नर' झालं आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. फोटोतले ते पालथे पाडलेले मरीन? त्यांनाही हंट यांच्यासारखंच हद्दपार केलं होतं. त्यांच्यातले अनेकजण मेजर नॉर्मन यांच्याच हाताखाली ताफ्याबरोबर परतले आणि जूनमध्ये त्याच बंगल्यावर त्यांनी पुन्हा झेंडा चढवला.