बेरीज जुळली की जमीन जुळते

दहावीला गणितात बरे मार्क पडले आणि घरच्यांनी परस्पर ‘डिप्लोमा सिव्हिल’ ठरवून टाकलं असेल, तर अभिनंदन. गोव्यात राहून जमीन मोजायला शिकणं याइतका बिनधोक धंदा दुसरा नाही. अवघं 3,702 चौरस किलोमीटरचं राज्य, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा निदान दोघांच्या मालकीचा. कामाला मरण नाही.

पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेइंगचं पहिलं प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी वेळेवर पोचा, कारण सगळा खेळ जागा पकडण्याचा आहे. एका लेव्हलमागे, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीमागे, आठ-दहा पोरं असतात. एकाने दुर्बिणीतून बघायचं, एकाने लिहायचं, एकाने चार मीटरचा स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली पट्टी, धरून उन्हात उभं राहायचं आणि उरलेल्यांनी यंत्राची राखण करायची. स्टाफ चुकूनही हातात घेऊ नका. छत्री असते, पण ती यंत्रासाठी. ऊन लागून यंत्राची पातळी दाखवणारा बबल सरकला तर रीडिंग चुकतं. स्टाफवाल्याचं काय होतं, याबद्दल क्रमिक पुस्तक गप्प आहे. शिवाय दुर्बिणीवाला लांबून हातवारे करत राहणार, की स्टाफ पुढे-मागे हलव, सर्वांत कमी रीडिंग येतं ते खरं. तुम्ही हलवत राहायचं, तो तोवर मोबाइलवर बोलत असतो.

पकडायची जागा फील्ड बुकवाल्याची, म्हणजे रीडिंग लिहिणाऱ्याची. पेन्सिल हातात आली की पृथ्वीची उंची तुम्ही ठरवता.

बेंचमार्कवरून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवरून, निघालात, वर्कशॉपला, लायब्ररीला वळसा घालून पुन्हा त्याच बेंचमार्कवर आलात, तर बॅकसाइटची (मागच्या बिंदूवरच्या रीडिंगची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढच्या बिंदूवरच्या रीडिंगची) बेरीज शून्य यायला हवी. तुमची 0.085 मीटर येईल. ट्रायपॉडचे पाय जांभ्या दगडात रुतत नाहीत, मधेच कुणाचा तरी धक्का लागतो, कुणी टर्निंग पॉइंटवरचा, म्हणजे यंत्र हलवताना जागचा हलू नये असा, स्टाफ उचलून दुसरीकडे ठेवतो. अशा वेळी पूर्ण फेरी पुन्हा मारू म्हणणारा एक विद्वान प्रत्येक गटात निघतो. त्याला भजी-पाव आणायला कॅन्टीनमध्ये पाठवा. मग मधल्या दोन-तीन फोरसाइट थोड्या-थोड्या वाढवून 85 मिलिमीटर जिरवा. सगळे जिरवू नका, हे महत्त्वाचं. बरोबर शून्य आलं की मास्तरांचे डोळे बारीक होतात, म्हणून 5 मिलिमीटरची चूक ठेवा. प्रामाणिक माणसाची तेवढी चूक होतेच. आणि स्टाफवरची सर्वांत बारीक खूण 5 मिलिमीटरची असते, तेव्हा घरगुती रीडिंग शेवटी 0 किंवा 5 वरच थांबवा. 1.237 लिहिणारा पोरगा तोंडी परीक्षेत पहिल्या मिनिटाला सापडतो.

फील्ड बुकात खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून वर नवा लिहायचा असा नियम आहे. त्यामुळे कच्चं काम वहीच्या मागच्या पानावर करा आणि पक्कं उतरवताना दोन आकडे मुद्दाम चुकवून त्यांवर रेघ मारा. पानाच्या कोपऱ्याला थोडी लाल माती चोळा. काम साइटवर झाल्याचा याहून चांगला पुरावा नाही.

कंपासचं प्रॅक्टिकल त्याहून सोपं. एका रेषेच्या पुढच्या आणि मागच्या बेअरिंगमध्ये (उत्तरेपासूनच्या कोनात) 180 अंशांचा फरक यायला हवा. नाही आला तर ‘लोकल अट्रॅक्शन’, म्हणजे जवळच्या लोखंडाने सुई ओढली, म्हणायचं आणि दोन्ही हात झटकायचे. डिचोली-सत्तरीकडच्या पोरांना तर लोहखनिजाच्या खाणी आहेतच सांगायला. आपलं खनिज बहुतेक हेमाटाइट, ते सुईला फारसं ओढत नाही, पण परीक्षकाला हे आठवेपर्यंत तुमचा नंबर संपलेला असतो. सुई खरी ओढली जाते ती वाचणाऱ्याच्या खिशातल्या बाइकच्या चावीने.

प्लेन टेबलपासून, म्हणजे तिकाटण्यावरच्या नकाशाच्या फळीपासून, मात्र लांब राहा. तिथे फील्ड बुक नसतं, समोर दिसेल ते जागेवरच कागदावर काढावं लागतं आणि रेषा मिळाली नाही तर सगळ्या गटादेखत मिळत नाही. असली पद्धत अभ्यासक्रमात कशी राहिली कोण जाणे.

अभ्यासक्रमातला खरा ऐवज म्हणजे बाउडिचचा नियम. ट्रॅव्हर्स, म्हणजे मोजलेल्या बाजूंची साखळी, फिरून पहिल्या बिंदूला मिळाला नाही, तर उरलेली चूक सगळ्या बाजूंना त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटून द्यायची. लांब बाजूला जास्त, आखूड बाजूला कमी. हा नियम परीक्षेपुरता पाठ करा. डिप्लोमा हातात आला की तो गावात उलटा चालतो, ज्याचा हात लांब त्याच्या वाट्याला चूक कमी.

गावात मेर, म्हणजे जमिनीची हद्द, ठरवायला जाल तेव्हा हाताशी कागद भरपूर असतील. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, असेल, 1968 च्या जमीन महसूल संहितेनंतर झालेल्या मोजणीचा प्लॅन असेल, त्याआधीचा पोर्तुगीज कदास्तर, म्हणजे जुना जमीन-नकाशा, असेल आणि ‘पश्चिमेला व्हाळ’ (ओढा) एवढंच सांगणारं विक्रीखत असेल. व्हाळ दरम्यान सरकलेला असतो. सहहिस्सेदारांतले अर्धे इंग्लंडात स्विंडनला आणि उरलेले एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला पंचायत हद्दीत घरासह 300 चौरस मीटरपर्यंतचा हक्क 1975 च्या कायद्याने दिला, पण गोठा घरात धरायचा की घराबाहेर, हे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वकिलाला एक दिसतं आणि मुंडकाराला दुसरं. आणि 2020 पासून गावातली घरं मोजायला स्वामित्व योजनेचे ड्रोन आले म्हणून तुमचं पोट जाईल अशी भीती नको. ड्रोनला कौलं दिसतात, फणसाखालचा दगड दिसत नाही.

तो दगड दाखवायला एक म्हातारी असतेच. ती काठीने पाला बाजूला करते, दगडावर काठी आपटते आणि सांगते, ‘पुता, हो फातर म्हज्या मांवान पुरिल्लो.’ तुमचं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, म्हणतं, सासऱ्याने पुरलेला दगड शेजाऱ्याच्या हद्दीत 60 सेंटिमीटर आहे. शेजारी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून हे ऐकत असतो, त्याची नव्या गडग्याच्या चिऱ्यांची ऑर्डर आधीच गेलेली असते. म्हातारीशी वाद घालू नका. तिच्याकडे कागद नाही, पण साक्षीला अख्खा वाडा आहे. चहा घ्यायचा तर दोन्ही घरचा घ्या, एकाच घरचा घेतलात तर प्लॅन आधी तिथे छापला गेला असं संध्याकाळी तिठ्यावर कळेल.

फार हुशार निघालात तर वरचे वर्ग आहेत. 2022 साली सरकारने जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमलं, तेव्हा पोर्तुगीज काळातल्या दस्तांच्या बनावट प्रती केल्याचे आरोप पुढे आले. पानाच्या कोपऱ्याला लाल माती चोळता येते त्याला पान पिवळं करणं काय अवघड? तो मार्ग धरायचा असेल तर धरा, मात्र तिथे तोंडी परीक्षा पोलीस घेतात.

त्यापेक्षा आपलं रोजचं काम बरं. म्हातारीला तिचा दगड हवा, शेजाऱ्याला त्याचा गडगा हवा आणि 60 सेंटिमीटर कुणाच्याच गळ्यात मारता येत नाहीत. बाउडिच आठवा आणि आखूड हाताची बाजू शोधा. शेजाऱ्याच्या मागून पंचायतीची वाट जाते, तिच्या वतीने भांडायला कुणी उभा नसतो. त्याचा मागचा गडगा तेवढाच बाहेर सरकवा. प्लॅनवर वाट 3 मीटर आहे, ती 3 मीटरच लिहा. जमिनीवर 2.40 भरेल, दुचाकी आरामात जाते.