सुचित्रा सेन, 1964 आणि रडायची मुभा

सुचित्रा सेन म्हटलं की आपल्याकडे 'आँधी' आठवतो. फार तर बिमल रॉय यांच्या 'देवदास'मधली पारो. तिच्या खऱ्या मुलखात, म्हणजे बंगाली सिनेमात, मराठी प्रेक्षक शिरलाच तर उत्तमकुमारबरोबरच्या प्रेमकथा बघून परत येतो. म्हणून आज मुद्दाम तिच्या एका फारशा न बोलल्या जाणाऱ्या चित्रपटाबद्दल लिहितेय. 'संध्या दीपेर शिखा', साल 1964, दिग्दर्शक हरिदास भट्टाचार्य, म्हणजे गायिका-अभिनेत्री कानन देवींचे यजमान. यात सुचित्रा जयंती नावाच्या बाईचं काम करते. नवरा युद्धात मारला गेलाय आणि ही त्याच्या आठवणीतून बाहेर येऊ शकत नाहीये. कथा याहून जास्त सांगत नाही. बघायचा असेल त्याची मजा का घालवा.

साल मात्र लक्षात ठेवा. 1962 चं चीन युद्ध संपून दोन वर्षंही धड झालेली नव्हती. त्या काळात देशाचं दुःख कसं व्यक्त होत होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत लतादीदी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायल्या आणि नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. चाल आपल्या सी. रामचंद्रांची, त्यामुळे जरा जास्तच अभिमानाने सांगतो. पाठोपाठ 1964 मध्येच चेतन आनंद यांचा 'हकीकत' आला. मोठा चित्रपट आहे, वाद नाही. त्यात बर्फात अडकलेले जवान घरच्या बायकांची आठवण काढत गातात ते गाणं अजूनही अंगावर येतं. पण त्या गाण्यात बायका आहेत कुठे? पुरुषांच्या मनात. ती आत्ता काय करत असेल, तिने मला विसरायचा कसा प्रयत्न केला असेल, हे सगळं तेच ठरवतात. तिला विचारायला कोणी घरी गेलेलं नाही.

त्याच वर्षी बंगालीत एका दिग्दर्शकाने तिला मध्यभागी ठेवून चित्रपट काढला. माझ्या मते ही साधी गोष्ट नाही.

बंगाली पडद्याला विधवा काही नवीन नव्हती. ज्या समाजात विद्यासागरांना 1856 च्या पुनर्विवाह कायद्यासाठी एवढं झगडावं लागलं, त्या समाजाच्या सिनेमात ती येणारच. नवरा गेला की शंख-पोवळ्याच्या बांगड्या उतरवायच्या, सिंदूर पुसायचा, बिनकाठाची पांढरी साडी नेसायची. मासे बंद, कांदा-लसूण बंद, मसुरीची डाळसुद्धा बंद. एकादशीला पाणीही नाही. (बंगाल्याच्या ताटातून मासा काढून घेणं म्हणजे काय, ते आपल्या कोकण-गोव्याकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.) कृष्णधवल चित्रपटात सिंदूर म्हणजे भांगातली एक काळसर रेघ. ती नसली की तोच चेहरा एकदम उघडा दिसतो. त्या काळच्या कॅमेऱ्याला हे फार बरोबर कळलं होतं.

'अपराजितो'मधली सर्बजया आठवा. काशीत तिचा नवरा हरिहर मरतो, घाटावरची कबुतरं उडतात, आणि नंतर ती एका श्रीमंताकडे स्वयंपाकाला लागलेली असते. तिच्या दुःखाला सत्यजित रे वेगळी जागाच देत नाहीत, कारण गरिबाघरी ती नसतेच. आपल्या मुलाला मालकाची वरकामं करताना ती जिन्यावरून बघते आणि पुढे थेट गावाकडे जाणारी आगगाडी. करुणा बॅनर्जींनी तिथे काही 'केलंय' असं वाटतसुद्धा नाही, इतकं ते खरं आहे. तपन सिन्हांच्या 'निर्जन सैकते'त (1963) चार विधवा पुरीला निघतात. कोणी त्यांना त्यागमूर्ती करत नाही. त्या कुरकुरतात, हसतात, समुद्र बघतात. मला तो चित्रपट फार आवडतो.

पण युद्धात नवरा गेलेली बाई या सगळ्यांहून वेगळी पडते. सर्बजयाचं दुःख निदान तिचं एकटीचं तरी आहे. या बाईच्या दुःखावर सगळ्या देशाचा हक्क असतो. तिचा नवरा 'गेला' असं म्हणायचीही सोय नाही, तो अमर झालेला असतो. अमर झालेल्या माणसाच्या नावाने हंबरडा कसा फोडायचा? 26 जानेवारीला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देतात, भाषण होतं, फोटो निघतो. तिने मान ताठ ठेवायची आणि डोळ्यांत पाणी आलंच तर ते अभिमानाचं. नंतर घरी तिचं काय होतं ते बघायला फोटोग्राफर थांबत नाही.

तिच्या बाबतीत आपल्याला एकाच वळणाची गोष्ट आवडते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले आणि 2017 मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईतून प्रशिक्षण पूर्ण करून लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. माझा प्रश्न दुसऱ्या बाईबद्दल आहे, जिला वर्षभर अंथरुणातून उठवलंच नाही. तिच्यावर कोणी बातमी करत नाही. तिच्याबद्दल गावात कुजबुज होते, एवढंच.

आणि दुसरं लग्न करायचं म्हटलं तर? शौर्यपदकाबरोबर जो भत्ता मिळतो, तो जवानाच्या माघारी त्याच्या पत्नीला मिळतो. 1972 च्या सरकारी आदेशाप्रमाणे तिने पुन्हा लग्न केलं की तो बंद. अपवाद एकच: दिराशी केलं तर चालू. ही अट नोव्हेंबर 2017 मध्ये काढली. हो, 2017. म्हणजे 'हकीकत'च्या आणि जयंतीच्या वेळचं जाऊ द्या, आपल्या सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आल्यानंतरही बाईने कोणाशी लग्न केलं म्हणजे पैसे मिळतील, हे सरकार ठरवत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आपण कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण ठराव करावा लागला, हेही ध्यानात घ्या.

परत सुचित्राकडे. आदल्याच वर्षी 'सात पाके बांधा'साठी तिला मॉस्कोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता. अशा वेळी कोणतीही नटी मोठी, भरजरी भूमिका मागेल. तिने ही दुःखात अडकून पडलेली बाई केली. 'दीप ज्वेले जाई'त (1959) नर्सचं काम करताना ती माणूस आतून हळूहळू कसा कोसळतो ते दाखवून चुकली होती. त्यामुळे जयंतीला न्याय देऊ शकेल अशी तिच्याशिवाय दुसरी कोण होती, मला तरी सुचत नाही. तिच्या चेहऱ्याला 'सुंदर' म्हणून सोडून देणाऱ्यांचा मला राग येतो. ती काहीही न बोलता समोरच्याला अवघडून टाकते. सांत्वन करायला आलेल्या माणसाला काय बोलावं कळू नये, अशी तिची नजर आहे.

आता खाली कोणीतरी लिहिणारच, की ताई, जवानाच्या बायकोने असं खचून कसं चालेल, तिने मुलांकडे बघायला हवं. अहो, बघतेच ती. डबे भरते, पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालते, सासूचं औषधपाणी करते. हे सगळं करूनही ती खचलेली असू शकते आणि तिने ते तुमच्यापासून लपवावं असा तुमचा आग्रह का, एवढंच सांगा. कमेंट उघड्या आहेत.