बेट नेहमी दुसऱ्यांचंच असतं

सांगलीची माझी आतेबहीण आणि इंजिनिअरिंगला असलेला तिचा मुलगा यांचं मध्यंतरी एका कोरियन चित्रपटावरून चांगलंच वाजलं. चित्रपट २०१० चा, नाव 'बिडेव्हिल्ड'. दिग्दर्शक जांग चोल-सू यांचा हा पहिलाच, आणि तोही तुटपुंज्या पैशांत केलेला. सूडकथांच्या शौकिनांत तो तेव्हापासून तोंडोतोंडी फिरतोय. पोराचं म्हणणं असं की पहिला तासभर नुसता रडका आहे, खरा पिक्चर विळा हातात आल्यावर सुरू होतो. ताईचं म्हणणं, बाईचे हाल दाखवून पैसे कमवायचे धंदे आहेत हे, आणि असलं तू बघतोस तरी कशाला? मी सोलजवळच्या सूवॉन शहरात राहते, त्यामुळे कोरियातल्या प्रत्येक गोष्टीवर निकाल देण्याचा अधिकार मला आपोआप मिळालेला आहे असं आमच्या घरात मानतात. दोघांचेही फोन आले.

निकाल बाजूला ठेवते. पण या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली असं मला वाटतं, त्यासाठी कथा सांगावी लागेल. शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी आधी चित्रपट बघून यावं.

हे-वॉन ही सोलमधल्या बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारी तिशीतली बाई. रस्त्यात एका तरुणीला गुंड मारत असतात, ती हिच्या गाडीच्या काचेशी मदत मागायला येते, ही काच वर घेते. पुढे पोलीस ओळख पटवायला बोलावतात तर अंग काढून घेते. बँकेत एका म्हातारीला कोरडेपणाने परत पाठवते, एका सहकारी मुलीच्या उगाच कानशिलात देते. साहेब सांगतात, थोडी रजा घे. मग ती लहानपणी जिथे जायची त्या एकाकी बेटावर जाते. तिथे तिची बालमैत्रीण बोक-नाम राहते. नवरा मारतो, दीर अंगावर हात टाकतो, नवऱ्याची मावशी आणि बाकीच्या म्हाताऱ्या तिला राबवून घेतात आणि वर तिलाच बोल लावतात. बोक-नामने मैत्रिणीला वर्षानुवर्षं पत्रं पाठवलेली असतात. ती पत्रं सोलच्या फ्लॅटमध्ये न फोडता पडलेली.

बोक-नाम मुलीला घेऊन पळायला बघते, पकडली जाते, आणि त्या झटापटीत मुलगी मरते. पोलीस येतात. सगळं बेट एका सुरात खोटं बोलतं. हे-वॉनने पाहिलेलं असतं, पण ती सांगते, मी झोपले होते. त्यानंतर रणरणत्या उन्हात बटाटे काढत असलेली बोक-नाम बराच वेळ सूर्याकडे टक लावून बघते, आणि विळा घेऊन उठते.

आता मतांकडे. ताईचा पहिला प्रश्न होता, "तिकडची खेडी अशी असतात का गं?" गंमत म्हणजे हाच प्रश्न, जरा वेगळ्या तोंडाने, मला इथेही ऐकू आला. जेवणाच्या सुट्टीत मी या चित्रपटाचा विषय काढला तेव्हा सोलमध्येच जन्मलेला एक सहकारी सूपमधून मान वर न करता म्हणाला, "दक्षिणेकडची बेटं ना? तिथे चालतं असलं." नैऋत्येकडच्या जॉल्ला प्रांताकडे बघण्याची राजधानीवाल्यांची ही जुनी नजर आहे. गरीब, मागास, विश्वासाला अपात्र, असं बरंच काही त्या प्रांताच्या माथी मारलेलं आहे.

त्याच्याकडे पुरावाही होता. २०१४ साली याच जॉल्लातल्या शिनान तालुक्यातल्या मिठागरांवर अपंग माणसांना डांबून फुकट राबवलं जात असल्याचं उघड झालं. एकाने आईला चोरून पत्र लिहिलं म्हणून ते बाहेर आलं, आणि बेटावरच्या लोकांना सगळं ठाऊक होतं, तरी कुणी बोललं नव्हतं, असं निघालं. २०१६ मध्ये त्याच शिनानमधल्या हुक्सानदो बेटावर एका शिक्षिकेवर गावकऱ्यांनी बलात्कार केला. इथे अशी बातमी आली की या चित्रपटाचं नाव निघतंच. जणू जांग चोल-सूने सगळं आधीच सांगून ठेवलं होतं.

पण चित्रीकरण झालं ते गुमोदो बेटावर. ते शिनानमध्ये नाहीच, यॉसू शहराच्या हद्दीत येतं, प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाला. मी तिथे गेलेय. फेरीतून उतरलं की कड्याच्या काठाने जाणारी पायवाट लागते, ती चालायला सगळ्या देशातून लोक येतात. उतारावर जिकडेतिकडे पांगपुंग नावाच्या पालेभाजीचे वाफे. फुलाफुलांच्या ढगळ सुरवारी आणि मानेवर फडका लोंबणाऱ्या टोप्या घातलेल्या आज्या त्यात उकिडव्या बसून पानं खुडत होत्या. त्यातल्या एकीने मला हाक मारून विचारलं, कुठली? इंडिया म्हटल्यावर मूठभर पाला हातात कोंबला आणि मीठ-तेल-लसूण कसं घालायचं ते हातवारे करून समजावलं. माझ्याबरोबरची कोरियन मैत्रीण पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "पिक्चरमधल्या म्हाताऱ्या अगदी अशाच दिसतात नाही?" दिसतात. कपडे तेच आहेत, बसणंही तेच. म्हणून काय त्या आजीने कुणाला राबवून मारलं होतं?

तर मुद्दा असा. सांगलीत बसून ताईला ते कोरियातलं खेडं दिसतं. सोलमध्ये बसून माझ्या सहकाऱ्याला ते जॉल्लातलं बेट दिसतं. यॉसूच्या माणसाला विचारलं तर तो शिनानकडे बोट दाखवेल. सगळ्यांना एवढंच हवंय की ही गोष्ट आपल्यापासून बोटीच्या अंतरावर असावी. आणि चित्रपट मात्र सुरू होतो तो भर सोलमध्ये, दिव्यांच्या झगमगाटात, गाडीच्या काचेपाशी. बेटावर जे होतं त्याची सगळी रंगीत तालीम पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत शहरात होऊन गेलेली असते: मार खाणारी बाई, पाहणारी बाई, आणि "मला काही दिसलं नाही". तरी प्रेक्षकांच्या बोलण्यात हा भाग येतच नाही. जो तो बेटाबद्दलच बोलतो.

भाच्याच्या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. त्याला पहिला तास कापून टाकायचाय. बाळा, तो तास तुझ्यासाठीच आहे. तासाभराहून जास्त वेळ आपण बोक-नामचे हाल बघतो, अधूनमधून मोबाईल चाळतो, "आता कधी मारणार ही?" म्हणून वाट बघतो. हे-वॉन ओट्यावर बसून तेच करते. दिग्दर्शकाने कॅमेरा बऱ्याचदा तिच्या जागी ठेवलाय, म्हणजे आपल्याच जागी. विळा निघाल्यावर टाळ्या वाजवणं सोपं असतं, कारण तेव्हा आपण बोक-नाम झालेलो असतो. त्याआधीचा तासभर आपण कोण होतो ते कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोरियात 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' आला होता. देखणा नायक, काळा सूट, एका लहान मुलीसाठी अख्खी टोळी कापून काढणारा. ६० लाखांवर लोकांनी तो थिएटरात पाहिला, आणि आपल्या निशिकांत कामतांनी २०१६ मध्ये त्याचा हिंदी अवतार काढला. 'बिडेव्हिल्ड' सप्टेंबरमध्ये आला तो कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमधून फिरून, कोरियातल्याच बुचॉनच्या महोत्सवात पहिलं बक्षीस घेऊन. बोक-नाम झालेल्या सो यंग-हीला अभिनयाचे पुरस्कारही मिळाले. तरी थिएटरात गर्दी नव्हती, आणि हिंदीत तो कुणी काढेल असं वाटत नाही. पुरुषाच्या सुडात प्रेक्षक नायकाच्या मागे उभा राहतो. बोक-नामच्या सुडात मात्र उभं राहायला जागाच सापडत नाही.

इथे ताई म्हणेल, आणि म्हणालीही, "म्हणजे कायदा हातात घेतला ते बरोबर?" यावर मला नागपूर आठवतं. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयात ठार केलं. त्याच्या बलात्कारांच्या, मारहाणीच्या तक्रारी घेऊन लोक वर्षानुवर्षं पोलिसांकडे जात होते. पुढे खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. तेव्हा महाराष्ट्रात दोनच प्रकारची मतं ऐकू यायची: बायकांनी केलं ते योग्य, नाहीतर हा जंगलचा कायदा. त्या तक्रारी ज्या टेबलांवर पडून राहिल्या त्या टेबलांमागे कोण बसलं होतं, यावर इतकं कडाक्याचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. आणि २००६ चं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं ते काही निर्जन माळावर नव्हे, गावात. पुण्यामुंबईत तेव्हा लोक काय म्हणाले? "तिकडे विदर्भात अजून असं चालतं." शब्द बदला, प्रांत बदला, आमच्या कॅन्टीनमधलं वाक्य तयार.

बाईचे हाल दाखवण्याबद्दलच्या ताईच्या आक्षेपात मात्र दम आहे आणि तो मला झटकता येत नाही. बेटावर एकही धड माणूस नसणं हे लेखकाने सोयीने केलेलं आहे. नवरा तर माणूस राहतच नाही, नुसता जुलमाचा पुतळा होतो. बोक-नामच्या अंगावरचे वळ कॅमेरा जितका वेळ बघत बसतो तितका वेळ बघायची गरज होती का? मला वाटतं, दोनतीन प्रसंगांत नव्हती. जांग चोल-सू हे किम की-दुक यांच्या हाताखाली तयार झालेले. आणि बायकांच्या यातना पडद्यावर रंगवणाऱ्या त्याच गुरूवर २०१८ मध्ये दूरचित्रवाणीवर अभिनेत्रींनी अत्याचाराचे आरोप केले. शिष्याचा त्यात दोष नाही, पण आता चित्रपट पुन्हा बघताना ते डोक्यात येतंच. पैसे कमवायचा धंदा, हे मात्र ताईने मागे घ्यावं. या चित्रपटात पैसे कमवण्यासारखं काही नव्हतं.

परदेशात राहून मला एक गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. घरी असताना "आपल्याला काय करायचंय" हे मनातल्या मनात म्हणावं लागतं, कोण बघतंय याची लाज असते. इथे त्याला व्हिसाची जोड मिळते. भाषा येत नाही, कायदा माहीत नाही, पोलिसांकडे गेलो तर नोकरीवर येईल का ही भीती. सगळी कारणं खरी आहेत, आणि तरीही ती फार हाताशी असतात. आमच्या मराठी मंडळींत कुणाच्या घरात काय चाललंय हे गणपतीच्या जेवणात सगळ्यांना कळलेलं असतं. त्या घरातल्या बाईला "काही लागलं तर सांग हं" म्हणून सगळे पुरणपोळीकडे वळतात.

कोरियन लोकांचीही कारणं कमी नाहीत. इथल्या फौजदारी कायद्यात खरी गोष्ट जाहीर सांगितली तरी बदनामीचा गुन्हा लागू शकतो. जनहितासाठी बोललो हे सिद्ध करता आलं तरच सुटका. २०१८ च्या जानेवारीत सो जी-ह्यन या सरकारी वकील बाईंनी टीव्हीवर येऊन आपल्या वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं तेव्हा इथे किती धक्का बसला, ते या कायद्याकडे बघितलं की समजतं. खात्यातलं प्रकरण, आणि कायदा जाणणाऱ्या बाईलाही बोलायला वर्षं लागली. आपल्याकडे "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" हे बाळकडू. साक्षीदार फितूर झाला ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. साक्षीदारांना संरक्षण देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली तीसुद्धा २०१८ मध्ये. म्हणून हे-वॉनला भेकड म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. पोलीस ठाण्याबाहेर ते गुंड तिला गाठतात, धमकावतात, आणि तिच्या पाठीशी कुणी नसतं.

शेवटी बेटावरून परत आल्यावर ती ठाण्यात जाते आणि त्या गुंडांकडे बोट दाखवते. अनेकांना हा शेवट गोड वाटतो. भाचा म्हणतो, एवढ्या रक्तपातानंतर दिग्दर्शक शेपूट घालतो. मला तो गोड वाटत नाही, कारण ते बोट दाखवणं फार महागात मिळालेलं आहे. एक लहान मुलगी आणि बोक-नाम दोघी गेल्यावर. पहिल्या दिवशी ते फुकटात झालं असतं. आमच्या कॅन्टीनमधल्या सहकाऱ्याला हा शेवट आठवतच नव्हता, मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिला नंतर घर बदलावं लागलं असणार." आणि घर बदललं तर डिपॉझिटचं काय, सोलमध्ये आता डिपॉझिट किती वाढलंय, यावर आमची उरलेली सुट्टी गेली.